मोजणी चालू असताना

३ मार्च, सोमवार

ड्रायव्हर पुन्हा माझ्याच गळ्यात! साहेब म्हणाले, "तुझाच आहे तो, तूच पळव त्याला." माझा कुठला? मी आले तेव्हा तो होताच. ज्यांनी लिहिला ते एकेक करून नोकरी सोडून गेले. राहिले मी, म्हणून माझा.

काम असं – आमच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि कर्नल (यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यांच्यामधला दुभाषी, बाजारातल्या दुसऱ्या कार्डापेक्षा मंद आहे. कार्ड तितकंच दमदार, तारा त्याच, यंत्र तेच. मंद आहे तो आमचा कोड. एप्रिलच्या सुरुवातीला नवी आवृत्ती बाहेर जाणार. त्याआधी वेग वाढवायचा, आणि कर्नलच्या या भागाचा जो राखणदार आहे त्याच्याकडून बदल मंजूर करून घ्यायचे. राखणदार कुठल्याशा दुसऱ्या देशात बसतो. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याच्या मेलमध्ये तिसरं वाक्य कधी नसतं.

सातला बाबांना व्हिडिओ कॉल. ठीक आहेत. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. "आज काय केलंस?" – सांगितलं. "कर्नल म्हणजे लष्करातला ना?" हा विनोद ते दर वेळी करतात, आणि मी दर वेळी नाही म्हणते. मग "जेवलीस का?" अहो, आत्ता सात वाजतायत.

४ मार्च

दादाचा फोन. त्याच्या घरातली खालची खोली रिकामी झाली. भाडेकरू गेला. "महिनाअखेरपर्यंत सांग. बाबा येणार असतील तर ठेवतो, नाहीतर दुसरा भाडेकरू बघतो."

तेच पुन्हा. आई गेल्यापासून दादाच्या डोक्यात एकच – बाबांनी त्याच्याकडे यावं. त्याला सगळं एका छपराखाली लागतं. वहिनीचे डबेसुद्धा त्याने उंचीप्रमाणे लावून ठेवलेत. मी म्हटलं, बाबांचं उत्तम चाललंय. स्वतःचं घर, स्वतःचा जिना, स्वतःचं वेळापत्रक. ज्या माणसाने आयुष्यभर लेथ चालवला, त्याला उचलून कोणाच्या तरी खालच्या खोलीत बसवायचं?

"तू रोज बघतेस ना त्यांना? मग तूच सांग," दादा म्हणाला. टोमणाच तो. तो आठवड्यातून एकदा फोन करतो, मी रोज बघते, हे त्याला टोचतं.

बघतेच मी रोज. म्हणून तर बोलते.

६ मार्च

ड्रायव्हरचं दुखणं सापडलं. निदान पहिलं तरी.

एक पॅकेट, म्हणजे तारेवरून येणारा माहितीचा तुकडा, आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो, पॅकेट उचलतो, परत येतो. बसतो न बसतो तोच पुढची हाक. गर्दी वाढली की त्याचा सगळा वेळ जाण्यायेण्यातच जातो. यावरचा उपाय जुना आणि जगजाहीर आहे – पहिली हाक आली की हाका बंद करायच्या आणि स्वतःच जाऊन, संपेपर्यंत पॅकेटं उचलत राहायचं. आमचा ड्रायव्हर तेही करतो. पण चार पॅकेटं उचलली की हुश्श करून हाका पुन्हा चालू करतो! कोणी आणि का असं ठेवलं, देव जाणे. तिथे टिपण म्हणून फक्त एवढंच लिहिलंय – "सध्या पुरे."

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आमचा फोरमन असाच. दर पाच मिनिटांनी हाक. शेवटी आम्ही त्याला सांगितलं, बाबा रे, सुट्टीत सगळं एकदम बोल." मग म्हणाले, "तुझ्याकडे खोकला येतोय का कोणाला?" मी म्हटलं, माझ्याकडे कोण आहे खोकायला? पंख्याचा आवाज असेल. यंत्रं चालू होती ना.

९ मार्च, रविवार

त्याचं शेवटचं खोकं कुरियरवाला घेऊन गेला. घटस्फोट होऊन वर्ष उलटलं, खोकं तेवढं बाहेरच्या खोलीत पडून होतं. आता तिथे जुना सर्व्हर ठेवता येईल. भिंतीजवळच प्लग आहे, तारही ओढावी लागणार नाही.

१० मार्च

सकाळच्या बैठकीत आवाजच फुटेना. सातचा फोन सोडला तर शनिवार-रविवार वापरलाच नव्हता. साहेब म्हणाले, गरम पाणी घे.

११ मार्च

दुसरं दुखणं. प्रत्येक पॅकेटसाठी ड्रायव्हर नवी जागा मागतो आणि काम झालं की ती परत करतो. रोज जेवायला नवं ताट आणायचं आणि जेवून झालं की दुकानात परत द्यायचं, असला प्रकार. तेच धुऊन वापरा ना! लिहून काढलं. आता तीच जागा पुन्हा पुन्हा वापरली जाते. आणि जाणारी पॅकेटं कार्डाकडे एकेक न ढकलता गठ्ठ्याने देते.

आकडे चढले. फळ्यावर रेघ वर सरकली. साहेब दोनदा येऊन फळा बघून गेले. कॉलेजात पोराचा निकाल लागावा तसा त्यांचा चेहरा. शेजारच्या टीमलाही बोलावून दाखवला.

शंकासूर मात्र तसाच. हा आमचा टेस्टवाला. लॅबमधल्या थंडीत मफलर गुंडाळून बसतो आणि कशालाही बरं म्हणत नाही. म्हणाला, "गर्दीत पळतंय. शांततेत?"

शांततेतही पळतंय. दाखवलं त्याला. माझा मोजणारा प्रोग्रॅम आहे, तो कार्डाचे आकडे सतत वाचत राहतो, क्षणभरही थांबत नाही. प्रोसेसरच्या ज्या कोअरवर, म्हणजे ज्या भागावर, पॅकेटं येतात त्याच कोअरवर मी तो बसवलाय. शेजारच्या कोअरवर बसवला तर आकडे जरा शिळे मिळतात, आणि शिळे आकडे मला चालत नाहीत. त्यावर दिसत होतं – एकच छोटं पॅकेट पाठवलं तरी उत्तर चटकन. शंकासुराने मफलर नीट केला. "बरं दिसतंय," म्हणाला. बरं आहे असं नाही म्हणाला.

१४ मार्च

दादाशी वाजलं. "बाबा मला फोनवर दमल्यासारखे वाटतात," म्हणे. फोनवर! बघितलंय का त्याने? मी बघते. समोर बसलेले असतात, खुर्चीत ताठ. चष्मा पुसलेला. विचारलेल्याला उत्तर देतात, तेच ते विनोद करतात, माझी खबर घेतात. माणूस ठीक आहे हे आणखी कसं कळतं?

"त्यांना विचारलंस का, राहायचंय का तिथे?" दादा म्हणाला.

विचारायचं काय त्यात? दिसतं ते. मी म्हटलं, तुला खोलीची एवढी घाई असेल तर ठेव भाडेकरू. त्याने फोन ठेवला. दादा असा मध्येच फोन ठेवणाऱ्यातला नाही. ठेवला.

रात्रीचं जेवण – ब्रेड. स्वयंपाकाचा कंटाळा.

१८ मार्च, मंगळवार

एका ग्राहकाला नवा ड्रायव्हर आधीच चालवून बघायला दिला होता. त्यांचं काम म्हणजे मोठमोठ्या नोंदींमधून हवं ते शोधून देणं. एका शोधासाठी त्यांची यंत्रं एकमेकांना हजारो छोटे छोटे प्रश्न विचारतात, एका प्रश्नाचं उत्तर आलं की पुढचा. त्यांचा मेल आला. गर्दीच्या वेळी उत्तम. गर्दी ओसरली की मंद. जुन्या ड्रायव्हरपेक्षाही मंद!

साहेबांनी तीनदा वाचला. "हे उलटं कसं? काम कमी असताना मंद?" मग स्वतःच निदान केलं – त्यांच्या तारा खराब असतील.

१९ मार्च

त्यांनी तारा बदलल्या. काही फरक नाही.

आता साहेबांच्या मते त्यांचं वातानुकूलन खराब आहे.

२० मार्च

दिवसभर लॅबमध्ये. ग्राहकाचं यंत्र जसंच्या तसं उभं केलं. तेच कार्ड, तीच आवृत्ती, तसेच छोटे प्रश्न एकामागून एक. माझा मोजणारा लावून बघितलं – चटकन. पुन्हा – चटकन. आमच्याकडे दुखतच नाही. डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरतो तशी गत.

बाबांना सांगितलं. "तिथे जाऊन बघ की," म्हणाले. ग्राहकाच्या जागी कशी जाणार, बाबा? परवानग्या लागतात. "मग राहू दे. तू थकलेली दिसतेस." मी म्हटलं, उजेडामुळे तसं दिसतं.

२१ मार्च, शुक्रवार

सापडलं. लिहायचीसुद्धा लाज वाटते, पण लिहिते.

दुपारी शंकासूर म्हणाला, "तुमचा मोजणारा बंद करून बघू या का एकदा?" मी म्हटलं, मग मोजणार कशाने? "पलीकडच्या यंत्रावरून. प्रश्न तिकडून जातोय, उत्तर तिकडेच येतंय. किती वेळ लागला ते तिथूनच मोजू. इकडे कोणी बघायचंच नाही."

बंद केला. पलीकडून मोजलं. उत्तराला लागणारा वेळ दहापट झाला.

चालू केला. चटकन.

बंद. मंद. चालू. चटकन. दिव्याचं बटण दाबावं तसं आम्ही चार-पाच वेळा केलं. पंखेच काय ते घरघरत होते.

झालं असं – काम नसलं की प्रोसेसरचं कोअर झोपतं. वीज वाचवायला. आणि अगदी गाढ झोपलं की उठायला वेळ लागतो. एक छोटं पॅकेट येतं, कोअर झोपेतून उठतं, डोळे चोळतं, पॅकेट उचलतं, उत्तर देतं, पुन्हा झोपतं. पुढचं पॅकेट – पुन्हा तेच. गर्दीत झोपायला सवडच नसते, म्हणून तिथे वेग खरा. जुना ड्रायव्हर इतका धांदरट होता की कोअरला झोपूच देत नसे. मी त्याची धांदल काढली आणि कोअरला झोपायला सवड करून दिली!

आणि मला हे दिसलं नाही, कारण मी बघत होते. माझा मोजणारा प्रोग्रॅम त्याच कोअरवर, एक क्षणही न थांबणारा. तो असेपर्यंत कोअर झोपणार कसं? मी जेव्हा जेव्हा बघितलं तेव्हा तेव्हा ते जागं होतं. मी बघत होते म्हणूनच जागं होतं. गर्दीचे माझे सगळे आकडे खरे, शांततेचे सगळे खोटे. आणि शेजारच्या कोअरवर मोजणारा बसवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. शिळे आकडे नकोत ना मला!

साहेबांना सांगितलं. ते फळ्याकडे बघत राहिले. "म्हणजे पुसायचं?" म्हणाले. अर्धा पुसला.

शंकासुराने मला चहा आणून दिला. त्याने "बघा, मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२२ मार्च, शनिवार

सातचा फोन. खुर्ची. मागे भिंत. शर्ट इस्त्रीचा. "जेवलीस का?"

बाबांच्या डाव्या बाजूला काय आहे ते आज बघायचा प्रयत्न केला. दिसत नाही. उजव्या बाजूचंही नाही. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्या घरातली एक खुर्ची आणि हातभर भिंत बघितली आहे, रोज, ठरलेल्या वेळी, त्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या वेळी.

"फोन जरा फिरवता का, बाबा? घर बघू दे."

"काय बघायचंय? आहे तिथेच आहे," म्हणाले. हसले. मीही हसले.

२४ मार्च

बदल लिहिला. पॅकेटं येत असतील तोवर ड्रायव्हर कर्नलला सांगणार – या कोअरला गाढ झोपू देऊ नकोस. डुलकी चालेल. मोजणारा बंद ठेवून, पलीकडून मोजलं. शांततेतही चटकन. राखणदाराकडे पाठवला.

बुधवारी सुट्टी टाकली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. आत्ता सुट्टी? म्हटलं, हो. बाबांना सांगितलेलं नाही.

२५ मार्च

राखणदाराचं उत्तर. नेहमीप्रमाणे दोन वाक्यं. "कोणी कधी झोपायचं हे ड्रायव्हरने परस्पर ठरवू नये. ज्याचं यंत्र आहे त्याला आधी विचारा."

तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे मी इथे डोळ्यांत तेल घालून बसलेय आणि हा दोन ओळींत नाही म्हणतो! रागाने उत्तर लिहिलं. पाठवलं नाही. उद्या बघू.

२६ मार्च, बुधवार

बसने गेले. दीड-दोन तासांचा तर रस्ता. इतका जवळ आहे हे विसरायला झालं होतं. आईच्या वर्षश्राद्धानंतर गेलेच नाही. रोज बघतेय ना, मग जायचं कशाला, असं.

दुपारी पोचले. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार, पडदे ओढलेले.

फोन टेकवून ठेवायचा डबा टेबलावर होता. त्याच्या समोर ती खुर्ची, तिच्यामागे ती भिंत. स्वच्छ. झाडलेली. आणि डब्याच्या या बाजूला, फोनला कधीच दिसणार नाही अशा बाजूला, बाकी सगळं घर. जमिनीवर गादी. उशाशी पाण्याच्या बाटल्या, औषधांच्या पट्ट्या, ब्रेडची अर्धी पिशवी, कोपऱ्यात बादली. वरच्या मजल्यावरची त्यांची झोपायची खोली, कपाट, सगळं उठून खाली आलं होतं. जिन्यावर धूळ, पाऊल पडल्याची खूण नाही. खुर्चीशेजारच्या खुंटीवर इस्त्रीचा शर्ट टांगलेला.

बाबा गादीवर झोपले होते. बनियनवर स्वेटर, दाढीचे खुंट वाढलेले. मी हाक मारली. दुसऱ्या हाकेला डोळे उघडले. मला बघितलं आणि दचकून उठायला लागले. हात टेकले, गुडघे उचलेनात.

"अगं, सात वाजले का?"

"नाही बाबा. दुपार आहे."

"मग तू कशी?" खुंटीकडे हात गेला. "आधी सांगायचंस. आवरलं असतं मी."

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्यांनी शर्ट घातला. बटणं लावायला वेळ लागला. मी लावून देऊ का म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून बाटल्या गोळा करायला लागले.

"वर कधी गेला होतात?"

"वर ठेवलंय काय?"

थोड्या वेळाने शेजारच्या मावशी डबा घेऊन आल्या. त्या शिवणकाम करतात, गळ्यात टेप तशीच. मला बघून दारातच थबकल्या. मग बाबा आत तोंड धुवायला गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "संध्याकाळ झाली की उठतात. दाढी करतात, शर्ट घालतात, खुर्चीत जाऊन बसतात. तुमचा फोन झाला की पुन्हा आडवे. थंडीपासून असंच. कितीदा म्हटलं, सांगा पोरीला. म्हणतात, तिला तिचे ताप कमी आहेत का."

थंडीपासून! आणि मी दादाला सुनावत होते.

रडू आलं. मोरीत जाऊन रडले. नळ चालू ठेवून.

मग बाबांसमोर बसले. मी गादीवर, ते खुर्चीत. ते आपणहून त्या खुर्चीतच जाऊन बसले, सवयीने. बसमध्ये मी सगळे मुद्दे तयार केले होते. ते काय काय म्हणतील आणि मी त्यावर काय म्हणेन. घर सोडवणार नाही म्हणतील, लेथवाला माणूस कोणाच्या खोलीत राहत नाही म्हणतील.

"दादाकडे जाल?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं."

एवढंच. मी थांबून राहिले, पुढे काहीतरी येईल म्हणून. आलं नाही. मग मीच बोलत राहिले. खोली खालीच आहे, जिना नाही, वहिनी आहे, पोरं आहेत. "आणि तिथे दादा असेल बघायला. म्हणजे मला रोज फोन करून बघायला नको, आणि तुम्हाला ते सातचं आवरणं नको. सुटाल त्यातून."

बाबा खिडकीकडे बघत होते. पडदा मी उघडला होता.

"बरं," म्हणाले.

संध्याकाळच्या बसने परतले. निघताना त्यांनी विचारलं, जेवलीस का? मावशींच्या डब्यातलं दोघांनी मिळून खाल्लं होतं. त्यांच्या समोरच तर जेवले होते.

२७ मार्च

काल सात वाजता मी बसमध्ये होते, फोन केला नाही. आता भेटलोच होतो.

रागाचं उत्तर पुसलं. शांतपणे विचार केला तर राखणदाराचं बरोबर आहे, मेल्याचं. कोणाला वेग हवा असतो, कोणाला वीज वाचवायची असते. त्यांच्या वतीने मी ठरवणारी कोण? एक बटण ठेवलं. मुळात बंद. हवं त्याने चालू करावं. ग्राहकाला विचारलं. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच विचारलं. त्यांना निम्म्या यंत्रांवर हवं होतं, निम्म्यांवर नको. सगळ्यांवर लादलं असतं तर बोंबलले असते.

शंकासुराने पलीकडून मोजलं. मोजणारा बंद. "बरं आहे," म्हणाला.

२८ मार्च

राखणदार: "घेतला." एकच शब्द. यावेळी दुसरं वाक्यसुद्धा नाही!

साहेबांनी फळ्यावर नवी रेघ काढली. आधीपेक्षा बुटकी, पण खरी. पेढे-बिढे काही नाही, शुक्रवार म्हणून सगळे लवकर घरी. मी थोडी बसले. लॅबमधले दिवे बंद केले आणि निघाले.

सातला फोन. बाबांनी आज दाढी केली नव्हती. मला वाटलं, बरं झालं, आता नाटक नको. ते फारसं बोलले नाहीत. बांधाबांध करायचीय म्हणाले. मी म्हटलं, दादा येऊन करेल सगळं, तुम्ही हात लावू नका. लवकर ठेवला फोन.

२९ मार्च, शनिवार

आज त्यांना फोन केला नाही. झोपू देत. दिवसभर घरीच. सर्व्हर चालू केला, थोडा वेळ बघत बसले.

३१ मार्च, सोमवार

महिनाअखेर. दादाला फोन केला. म्हटलं, खोली ठेव, बाबा तयार आहेत. आणि माझं चुकलं. मला वाटत होतं त्यांना तिथेच राहायचंय, म्हणून तुझ्याशी भांडत राहिले.



दादा म्हणाला, "त्यांना थंडीतच यायचं होतं. मी गाडी घेऊन निघालोही होतो. त्यांनीच थांबवलं, आणि तुला सांगू नकोस म्हणाले. 'मी तुझ्याकडे आलो की ती म्हणेल, आता बघायला दादा आहे. तिचा फोन बंद होईल. मग ती दिवसभरात बोलणार कोणाशी?'"